शाळेसाठी एलएमएस: फुकटचं बसवावं की विकतचं घ्यावं? (शनिवारच्या आत सांगा)

खडूफळा | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या खरेदी समितीवर मला बसवलंय. कारण एवढंच की लॉकडाऊनात सगळ्यात आधी मला म्यूटचं बटण सापडलं होतं. तेव्हापासून संगणकाचं काहीही निघालं की "सर, जरा बघा की."

शाळा कोल्हापूर शहरातली, अनुदानित, मराठी आणि सेमी. पाचवी ते दहावी मिळून ६४० पोरं. संस्थेला आता स्वाध्याय, चाचण्या, नोट्स आणि गुण एका जागी देणारं काहीतरी, म्हणजे एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम), हवंय. व्हॉट्सॲपच्या अकरा ग्रुपांना सगळे वैतागलेत.

हातात तीन गोष्टी आहेत.

एक कंपनी म्हणते, विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५० रुपये. वर १८ टक्के जीएसटी धरून २,६४,३२० होतात. डेमो देखणा होता, मराठीत होता, वर आमच्या शाळेचं बोधचिन्हसुद्धा टाकून आणलेलं.

दुसरी म्हणते, एकदाच १,८०,००० द्या, 'आजीवन'. दुसऱ्या वर्षापासून एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, २० टक्के. कुणाचं आजीवन, हे काही सांगितलं नाही.

तिसरे आमचे संगणकाचे सर. वय २६, तासिका तत्त्वावर. ते म्हणतात, मूडल नावाचं एलएमएस बसवू, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, एक रुपया लागत नाही.

अध्यक्ष म्हणाले, फुकट ते पौष्टिक. मुख्याध्यापक म्हणाले, ज्याची पावती नाही त्याची तक्रार कुठं करणार? मला दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. शनिवारी बैठक आहे.

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री ९:५२

तासिका तत्त्वावरचा माणूस म्हणजे सर्व्हर पण तासिका तत्त्वावर.

---

सर्व्हर_राखणदार | मंगळवार, रात्री १०:३०

तांबडा_पांढरा, हसलो, पण खरं बोललात.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात नऊ वर्षं मूडल सांभाळतोय. आधी त्याची बाजू सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डूगियामास यांनी ते सुरू केलं, १.० आवृत्ती २००२ ला आली. परवाना जीपीएल, म्हणजे वापरा, बदला, वाटा, अगदी पैसे घेऊन बसवून द्या, सगळं चालतं. मराठी भाषेचा पॅकही मिळतो, भाषांतर काही ठिकाणी अर्धवट आहे. प्रश्नपेढी, चाचणी, गुणपत्रक या बाबतीत त्याच्या तोडीचं विकतचं सुद्धा फार कमी पाहिलंय. दिसायला मात्र ते ग्रामपंचायतीच्या दाखल्यासारखं दिसतं. थीम बदलली की जरा बरं होतं.

आता 'एक रुपया लागत नाही' याबद्दल. परवान्याला लागत नाही, बाकी सगळ्याला लागतो.

आमच्याकडचा एक सोमवार सांगतो. पहिल्या वर्षाची चाचणी, २४० पोरं, सकाळी ११ ला सुरू. सर्व्हर ४ जीबी रॅमचा. मूडलच्या स्वतःच्या माहितीपानावर ढोबळ हिशेब दिलाय, १ जीबी रॅमला एकाच वेळी १० ते २० जण. म्हणजे माझ्या डब्यात बसणार जास्तीत जास्त ८०, आणि मी चढवले २४०. ११ वाजून २ मिनिटांनी पान गोल गोल फिरायला लागलं. पोरांनी काय केलं? रिफ्रेश. एकेकानं दहादा. वर मूडल चाचणी चालू असताना दर मिनिटाला उत्तरं आपोआप जतन करतं, तो भार वेगळाच. ११:०६ ला सगळं आडवं. प्राचार्यांचा फोन आला तेव्हा मी सर्व्हर रीस्टार्ट करून हात जोडून उभा होतो.

उपाय साधा निघाला. चाचणी तुकडीवार दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं उघडायची, आणि त्या दिवसापुरता मोठा सर्व्हर घ्यायचा. पण हे सुचायला आधी तो सोमवार भोगावा लागला. तुमच्या शाळेत तो सोमवार कोण भोगणार आहे, ते आधी ठरवा.

अजून एक. क्रॉन नावाचं एक काम सर्व्हरवर दर मिनिटाला चालावं लागतं. ते लावायचं विसरलं की बाकी सगळं व्यवस्थित दिसतं, फक्त सूचना आणि ईमेल कुणालाच जात नाहीत. पालक म्हणतात शाळा कळवत नाही, शाळा म्हणते कळवलं. असं तीन आठवडे चाललेलं मी पाहिलंय.

आणि हो, सर्व्हर शाळेत ठेवू नका. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते आठवा. आमच्या ओळखीच्या एका शाळेची संगणक खोली तळमजल्यावर होती. आता ती पहिल्या मजल्यावर आहे, संगणक मात्र नवे आहेत.

---

उद्यमनगरी | बुधवार, सकाळी ७:१५

मी शिक्षक नाही, फौंड्री लाईनचा माणूस. गावाकडच्या एका शाळेच्या संस्थेवर आहे म्हणून हे प्रकरण माझ्याही डोक्यावर आलं होतं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कुणाकडूनही काढून घ्या, पण पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नमुना, गिऱ्हाइकाचा. पैसे गिऱ्हाइकानं दिलेले असतात, त्यावर त्याचा नंबर मारलेला असतो. शिरोलीतल्या फौंड्रीशी बिनसलं तर पॅटर्न उचलायचा आणि गोकुळ शिरगावला टाकायचा. ज्याचा पॅटर्न फौंड्रीवाल्याकडंच अडकला त्याचा दर फौंड्रीवालाच ठरवतो, पुढच्या वर्षी किती वाढवायचा ते पण.

तुमच्या शिक्षकांनी तीन वर्षं बसून प्रश्न भरले, नोट्स चढवल्या, तर तो तुमचा पॅटर्न. मी फक्त एवढंच विचारलं होतं: आम्ही सोडून निघालो तर हे सगळं कशात भरून देणार? विक्रेता म्हणाला, "साहेब, सोडून जाल कशाला?" मी चहा पाजून परत पाठवला.

---

खडूफळा | बुधवार, दुपारी १:१०

पॅटर्नचं लगेच डोक्यात शिरलं. 'कशात भरून देणार' म्हणजे नक्की काय मागायचं पण? सीडी? 🙂

---

सर्व्हर_राखणदार | बुधवार, दुपारी १:३५

सीडी नको. दोन गोष्टी मागा. विद्यार्थी आणि गुण एक्सेल किंवा सीएसव्हीत. प्रश्नपेढी दुसऱ्या प्रणालीला वाचता येईल अशा फाईलमध्ये: मूडल एक्सएमएल किंवा गिफ्ट. गिफ्ट तर साधा मजकूरच असतो, नोटपॅडात उघडतो. "पीडीएफ देऊ" म्हणाले तर समजा काहीच देणार नाहीत. पीडीएफमधले ३,००० प्रश्न परत टाइप कोण करणार?

---

शाहूपुरीची_आई | बुधवार, दुपारी ४:०५

गूगल क्लासरूम का नको? तेही फुकट आहे आणि माझ्या मुलीला आधीच येतं.

---

सर्व्हर_राखणदार | बुधवार, सायंकाळी ५:२०

वाईट नाही. खरं तर ६४० मुलांच्या शाळेला रोजच्या स्वाध्यायाला पुरून उरेल. २०१४ पासून चालू आहे आणि शाळांसाठीची त्यांची मूळ, साधी योजना फुकट आहे. पण फुकट म्हणजे ओपन सोर्स नव्हे. नियम त्यांचे. आधी शाळांना साठवण अमर्याद होती, २०२१ ला जाहीर केलं की आता पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी, आणि २०२२ पासून ते लागू झालं. तुमच्या शाळेला १०० टीबी कधी भरायचे? मोठ्या विद्यापीठांची मात्र पळापळ झाली.

एडमोडो आठवतंय का? जगभरचे शिक्षक फुकट वापरत होते. २२ सप्टेंबर २०२२ ला बंद.

---

टिपणी_बाई | बुधवार, रात्री ८:४५

मी एका शाळेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. तुम्ही सगळे तंत्राचं बोलताय, माझं दुखणं वेगळं आहे. फुकटच्या वस्तूची खरेदी करायची कशी?

हसू नका. समितीला तीन दरपत्रकं लागतात. मूडल विकणारा कुणी नाही, म्हणजे त्याचं दरपत्रक नाही, म्हणजे तुलनात्मक तक्त्यात त्याचा रकानाच नाही. जे तक्त्यात नाही ते सभेपुढं जात नाही. आमच्याकडे एका हौशी सरांनी शून्य रुपयाचं दरपत्रक स्वतःच्या सहीनं जोडलं होतं. लेखापरीक्षकांनी विचारलं, सर्वात कमी दर शून्य असताना सव्वा लाख का दिले? खुलासा देता देता माझे दोन रविवार गेले.

त्यातून मी शिकले ते असं. मागणीपत्रात वस्तूचं नाव लिहूच नका. काम लिहा. "६४० विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन स्वाध्याय व चाचणी प्रणाली बसवून देणे, एक वर्ष चालवणे, ३० शिक्षकांना प्रशिक्षण देणे, दरमहा प्रतिसाठा (बॅकअप) शाळेकडे देणे, करार संपल्यावर संपूर्ण माहिती ठरलेल्या स्वरूपात परत करणे." मग कुणी मूडलवर करून देऊ दे नाहीतर स्वतःच्या सॉफ्टवेअरवर. सगळ्यांचे दर एकाच तक्त्यात येतात, आणि 'फुकट'वाल्यालाही सर्व्हर, प्रशिक्षण, माणूस यांचे आकडे लिहावेच लागतात.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये ओपन सोर्स वापराचं धोरण काढलं, त्यातही सरकारी यंत्रणांनी खरेदीच्या वेळी ओपन सोर्सचा विचार करावा असं आहे. खासगी संस्थेच्या अनुदानित शाळेला ते बंधन म्हणून नाही, पण टिपणीत एक ओळ घालायला उपयोगी पडतं. कागदाला आधार लागतो.

---

गडहिंग्लजकर | बुधवार, रात्री ९:३०

तुमचं शहरातलं चाललंय, चालू द्या. आमच्या वाडीवर रेंजच न्हाई, त्यामुळं एलएमएस म्हटलं की आधी झाडावर चढावं लागतंय.

आम्ही कोलिब्री लावलंय. ते पण ओपन सोर्स. छोट्या रास्पबेरी पाय संगणकावर बसतंय, नेट लागत न्हाई. तालुक्याला जाऊन एकदा सगळं उतरवून आणायचं, मग वर्गात त्याच्याच वायफायवर दहा टॅब जोडायचे. स्टोरीवीव्हरच्या मराठी गोष्टी पोरं तोंडपाठ करून बसल्यात. बसवलं कुणी? माझ्या भाच्यानं, दिवाळीच्या सुट्टीत. तो पुण्याला गेलाय. एसडी कार्ड एकदा उडालं तेव्हा पुढच्या दिवाळीपर्यंत बंद होतं.

दीक्षाबद्दल कुणी बोललं न्हाई. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतंय ते. २०१७ पासून हाय, आणि ते ज्या सनबर्डवर उभं हाय ते पण ओपन सोर्सच.

---

खडूफळा | बुधवार, रात्री ९:५०

दीक्षा वापरतो सर. पण ते वाचायला-बघायला. "नववी ब ची गुरुवारची चाचणी, कुणी दिली नाही" हे त्यात बघता येत नाही मला.

---

तिसरं_कोटेशन | गुरुवार, सकाळी ११:००

मी विकणाऱ्या बाजूचा. नावावरून कळलंच असेल, बऱ्याच शाळांत मला फक्त तीन पुरे करायला बोलावतात.

३५० रुपयांत काय असतं ते सांगतो. सॉफ्टवेअरचा भाग त्यात छोटा. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी अर्धी शाळा पासवर्ड विसरून येते, तो फोन आम्ही उचलतो. बाई रात्री पावणेअकराला विचारतात, गुण चुकून दुप्पट पडले, काय करू? तो फोनही आम्हीच उचलतो. तुमचे तासिकेवरचे सर किती दिवस उचलतील? त्यांची कुठं कायम नेमणूक झाली की ते जाणार, आणि जावंच त्यांनी.

आता आमच्या बाजूचं न सांगितलेलं. खडूफळा सर, तो देखणा डेमो परत उघडा आणि ब्राउझरमधला पत्ता बघा. लॉगिनच्या पानावर 'लॉगिन/इंडेक्स.पीएचपी' आणि विषय उघडल्यावर 'कोर्स/व्ह्यू.पीएचपी' पुढे 'आयडी' दिसतंय का? मग पानावर राइट क्लिक करून सोर्स उघडा, त्यात 'एम.सीएफजी' शोधा. काय निघालं ते इथं लिहा.

---

खडूफळा | गुरुवार, दुपारी १२:४८

मधल्या सुट्टीत बघितलं. संगणकाचे सर शेजारी उभे होते.

तिन्ही सापडलं. तिन्ही मूडलच्याच खुणा.

म्हणजे जे आम्ही २,६४,३२० ला घेणार होतो ते मूडलच आहे. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. आता मला कळेना, ही फसवणूक म्हणायची का?

---

सर्व्हर_राखणदार | गुरुवार, दुपारी १:०५

फसवणूक नाही. जीपीएल परवाना पैसे घेऊ देतो. मूडल हे नाव ट्रेडमार्क आहे, परवानगीशिवाय त्या नावानं सेवा विकता येत नाही, म्हणून पुष्कळ जण नाव गाळूनच विकतात. आणि त्यांच्या सर्व्हरवर चालवून तुम्हाला नुसतं वापरायला दिलं तर त्यांनी आत केलेले बदल तुम्हाला दाखवायची सक्तीही जीपीएलमध्ये नाही. ती सक्ती एजीपीएल या दुसऱ्या परवान्यात आहे. कॅनव्हास नावाचं दुसरं एलएमएस त्या परवान्यावर आहे.

पण तुमचा हात वर आला, सर! पूर्ण कोर्सचा बॅकअप 'एमबीझेड' फाईलमध्ये निघतो आणि दुसऱ्या कुठल्याही मूडलवर चढतो. फक्त जुन्या आवृत्तीवर चढवायला जाऊ नका. "आमच्यात तशी सोय नाही" हे आता ते म्हणू शकत नाहीत.

---

उद्यमनगरी | गुरुवार, दुपारी १:२०

पॅटर्न तुमचाच निघाला की राव! नंबर मारून घ्या.

---

शाहूपुरीची_आई | गुरुवार, सायंकाळी ६:१५

एक पालक म्हणून विचारते. मुलीच्या आधीच्या शाळेत असंच ॲप होतं. नोंदणीच्या अर्जात आधार क्रमांक, आईवडिलांचं उत्पन्न, रक्तगट सगळं अनिवार्य, लाल फुलीसकट. भूमितीच्या चाचणीला रक्तगट कशाला? महिन्याभरात क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले, मुलीच्या नावानिशी आणि इयत्तेनिशी. माहिती कुठून गेली हे सिद्ध करता येत नाही, म्हणून नाव घेत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला बंदी आहे. शाळांना काही बाबतींत सवलत आहे, पण तेवढ्यासाठी आधार मागायची गरज पडत नाही. करारात लिहून घ्या: नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. बास.

---

टिपणी_बाई | गुरुवार, सायंकाळी ६:४०

हे मागणीपत्रातच घाला. करारापर्यंत थांबलात तर विसराल.

---

खडूफळा | रविवार, सकाळी १०:२०

बैठक झाली. दोन तास दहा मिनिटं, त्यात चाळीस मिनिटं स्नेहसंमेलनाच्या मांडवावर.

टिपणी बाईंचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा वाचला. अध्यक्षांनी विचारलं, हे कुणी लिहून दिलं? मी म्हटलं, अनुभवी माणसानं. मग पॅटर्नचं उदाहरण दिलं. अध्यक्षांचं स्वतःचं लेथ मशीन आहे, पुढं बोलायची गरजच पडली नाही.

त्याच कंपनीला बोलावलं होतं. मी शांतपणे विचारलं, हे मूडलवर आहे ना? तरुण मुलगा होता, एकदम म्हणाला, "हो सर, पण कुणी विचारत नाही." मला आवडला तो. त्यानं दर विद्यार्थ्यामागे २१० वर आणला. आम्ही पहिल्या वर्षी फक्त आठवी-नववी घेतोय, २२० पोरं, म्हणजे ४६,२०० अधिक जीएसटी, ५४,५१६. दर महिन्याच्या १ तारखेला पूर्ण बॅकअप शाळेच्या हार्ड डिस्कवर. आधार नाही. संगणकाच्या सरांना ॲडमिनचा हक्क आणि चार दिवस प्रशिक्षण, आणि त्यांच्यासोबत कायम नेमणुकीवरच्या आमच्या गणिताच्या मॅडमनाही. हे मी आग्रहानं घातलं. 'आजीवन'वाल्यांना आभाराचं पत्र गेलं.

मुख्याध्यापक खूश, पावती मिळणार. सर जरा नाराज आहेत, त्यांना स्वतः बसवायचं होतं. त्यांना म्हटलं, बॅकअप तुम्हीच घरी बसवून बघायचा.

आता खरी आडकाठी. आमची प्रश्नपेढी म्हणजे वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सगळ्या जुन्या श्रीलिपी फाँटात टाइप केलेल्या. त्यातला एक परिच्छेद उचलून मूडलमध्ये टाकला तर अक्षरांचा चिवडा झाला. 'प्रकाशसंश्लेषण'च्या जागी कंस, डॉलर आणि उलटं प्रश्नचिन्ह.

---

सर्व्हर_राखणदार | रविवार, सकाळी १०:४५

ते होणारच, जुना फाँट युनिकोड नसतो. आत अक्षर इंग्रजी असतं, वर चित्र मराठी. मूडल नव्हे, कुठल्याही नव्या प्रणालीत हेच होईल. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात. सगळी वीस वर्षं करू नका. आठवी-नववीच्या शेवटच्या तीन वर्षांच्या करा.

---

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ११:००

आणि गणिताच्या मॅडमना आत्ताच सांगा, रात्री पावणेअकराचा फोन त्यांच्याकडं येणार म्हणून.

---

खडूफळा | २ तारीख, सायंकाळी ७:३०

काल पहिला बॅकअप आला. हार्ड डिस्क कपाटात कुलूपबंद.

---

सर्व्हर_राखणदार | २ तारीख, सायंकाळी ७:४१

चढवून बघितला का?

---

खडूफळा | २ तारीख, सायंकाळी ७:४४

नाही.

---

सर्व्हर_राखणदार | २ तारीख, सायंकाळी ७:५०

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर डिस्क घेऊन या, सरांनाही आणा. माझ्या लॅपटॉपवर रिकामं मूडल ठेवलंय, तासाभरात कळेल. येताना खासबागेतली भेळ बांधून आणा, तीन.

---

खडूफळा | २ तारीख, सायंकाळी ७:५२

तिखट की मध्यम?